उसनी ऊर्जा, स्वतःचा रंग : लँथॅनाइड संयुगांची दीप्ती

‘चमकणे’ हे क्रियापद आपण आरशालाही वापरतो आणि काजव्यालाही. विज्ञानाच्या तासाला मात्र हा सैलपणा अडचणीचा ठरतो. आरसा बाहेरून आलेला प्रकाश परत फेकतो. काजवा स्वतः प्रकाश निर्माण करतो. तिसरा प्रकार असा की पदार्थ एका रंगाचा प्रकाश किंवा अदृश्य अतिनील किरण शोषतो आणि वेगळ्याच रंगाचा प्रकाश देतो. त्याला येथे ‘दीप्ती’ म्हणू.

लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची (अणुक्रमांक ५७ ते ७१) मूलद्रव्ये म्हणजे लँथॅनाइड. मराठीत त्यांना ‘विरल मृत्तिका’ गटात धरतात. पण हे नाव फसवे आहे, कारण त्यांतील सेरियम भूकवचात शिशापेक्षाही जास्त आहे. यांपैकी युरोपियमचा त्रिभारित आयन लाल आणि टर्बियमचा हिरवा प्रकाश देतो. या आयनांतील प्रकाश देणारे ‘४एफ’ इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांआड असतात. म्हणून संयुग बदलले तरी रंग फारसा बदलत नाही.

परंतु याच इलेक्ट्रॉनांची प्रकाश शोषण्याची क्षमता फार क्षीण असते. दिवा कितीही प्रखर केला, तरी आयन त्यातले थोडेच घेतो. मग तेज येते कुठून? १९४२ साली वाइसमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवले की युरोपियमला जोडलेला सेंद्रिय रेणू, म्हणजे लिगंड, अतिनील किरण शोषतो आणि प्रकाश मात्र युरोपियमचा पडतो. लिगंड येथे अँटेनाचे काम करतो. शोषलेली ऊर्जा प्रथम त्याच्या ‘एकक’ अवस्थेत येते, तेथून खालच्या ‘त्रिक’ अवस्थेत उतरते आणि मग आयनाकडे जाते.

हे हस्तांतरण कधी जमते? नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडीला जाणाऱ्याला मांडवीकाठची खाजणे नवी नाहीत. खाजणाच्या बांधातील मानशीचे दार पाण्याच्या पातळीवर चालते : ओहोटीला आतले पाणी उंच असले की दार उघडते, भरतीला बाहेरचे पाणी चढले की मिटते. ऊर्जेचेही असेच. लिगंडची त्रिक पातळी आयनाच्या पातळीपेक्षा पुरेशी उंच हवी. युरोपियमची दीप्तिपातळी सुमारे १७,२०० प्रति सेंमी, तर टर्बियमची सुमारे २०,४०० आहे. डायबेन्झॉइलमिथेन या लिगंडची त्रिक पातळी साधारण २०,५०० असल्याने युरोपियम त्याच्यासोबत छान उजळते. टर्बियमच्या बाबतीत मात्र फरक इतका अल्प उरतो, की सामान्य तापमानालाही ऊर्जा लिगंडकडे परतते आणि दीप्ती जवळजवळ लोपते. येथे एक भेद ध्यानात ठेवावा : मानशीला दार असते, रेणूला नसते. परतीचा प्रवाह अडवतो तो केवळ पातळ्यांमधला फरक.

ऊर्जा पोहोचली तरी ती टिकली पाहिजे. आयनाला पाण्याचे रेणू चिकटले, तर त्यांतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधांची कंपने ती ऊर्जा पिऊन टाकतात. साध्या पाण्यात युरोपियमच्या उत्तेजित अवस्थेचे आयुष्य सुमारे ०.१ मिलिसेकंद असते. जड पाण्यात ते सुमारे ४ मिलिसेकंद होते, कारण ड्युटेरियमच्या बंधांची कंपने मंद असतात. म्हणूनच रसायनतज्ज्ञ आयनाला लिगंडने सर्व बाजूंनी वेढून पाणी दूर ठेवतात.

हीच युक्ती घरातल्या सीएफएल दिव्यातही आहे. त्यातील पाऱ्याची वाफ २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण देते. हिरव्या रंगासाठी वापरल्या जाणाऱ्या लँथॅनम फॉस्फेटच्या लेपात सेरियम ते शोषतो आणि ऊर्जा टर्बियमला देतो. टर्बियम ५४५ नॅनोमीटरच्या आसपास हिरवा प्रकाश टाकतो. या लेपाची स्फटिकरचना केरळच्या किनारी वाळूत सापडणाऱ्या मोनाझाइट खनिजासारखीच असते.

वर्गात करून पाहा : पेटलेल्या सीएफएल दिव्याचे प्रतिबिंब जुन्या सीडीवर तिरके पाहिले, तर लाल, हिरवे, निळे पट्टे सुटे दिसतात, पांढऱ्या एलईडीचे रंग एकमेकांत मिसळलेले असतात. (दिवा फोडू नये, आत पारा असतो.) मग विद्यार्थ्यांना विचारावे : यातला हिरवा पट्टा कोणाच्या ऊर्जेवर उजळला? ‘दिवा चमकतो’ एवढ्यावर न थांबता त्यांनी कोणी शोषले, कोणाला दिले आणि कोण उजळले हे क्रमाने सांगितले, तर धडा समजला असे म्हणावे.