ऑपरेशनने स्टेज वाढत नाही, ती कळते

कॅन्सर तोंडाचा असो, स्तनाचा असो की कातडीचा, परभणी जिल्ह्यातल्या घराघरांत एक वाक्य ठरलेलं आहे: "सुरी लागली की पसरतो." त्याच्या जोडीला दुसरं वाक्यही असतं: "आधी दुसरी स्टेज होती, ऑपरेशन केलं आणि तिसरी झाली." या दोन वाक्यांच्या भरवशावर किती माणसं उपचार अर्धवट टाकून घरी बसली, ते आम्ही डॉक्टर रोज पाहतो. म्हणून आज मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरबद्दल आणि त्याच्या स्टेजबद्दल सविस्तर लिहितो आहे. घरात कोणाला हा आजार निघाला असेल तर हे दोनदा वाचा.

आधी एक दिलासा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर आपल्याकडे दुर्मीळ आहे. भारतात वर्षाला लाखामागे एकालाही होत नाही. अंगावर वर्षानुवर्षं असलेले तीळ, मस, चामखीळ यांतले बहुतेक सगळे निरुपद्रवी असतात. सावळ्या माणसाच्या तळपायावर फिकट काळे डाग असणंही नेहमीचं आहे. तेव्हा हा लेख वाचून अंगावरचा प्रत्येक तीळ घेऊन दवाखान्यात धावायचं कारण नाही.

आता इशारा. गोऱ्या लोकांत हा आजार पाठीवर, पायांवर, उन्हात भाजणाऱ्या कातडीवर जास्त होतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळपायावर, टाचेवर, तळहातावर, नखाखाली किंवा तोंडाच्या आतल्या त्वचेवर निघतो. म्हणजे जिथे आपण पाहतच नाही, आणि पाहिलंच तर "काटा मोडला असेल" म्हणून सोडून देतो. अनवाणी रानात फिरणाऱ्या माणसाच्या टाचेत काटा मोडणं ही नवलाची गोष्ट नाही, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

टाचेवरचा काळा डाग

पालम तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. वय साठीच्या आसपास, कापूस आणि तुरीचं रान. टाचेवर काळा डाग होता, कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला निळसर. आधी सुईने काटा शोधून झाला. मग बिब्बा लावला, रुईचा चीक लावला. बाजारात कुरूप काढणाऱ्याने ब्लेडने वरचा थर तासून दिला. जवळपास दोन वर्षं यात गेली. माझ्याकडे आले तेव्हा डागाच्या मधोमध उंचवटा आला होता. आम्ही तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट मेलॅनोमाचा आला.

मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी त्यांना दुसरी स्टेज सांगितली होती, कारण जांघेत हाताला गाठ लागत नव्हती आणि स्कॅनमध्येही काही दिसत नव्हतं. ऑपरेशनमध्ये टाचेचा भाग काढला आणि जांघेतली एक लसिकाग्रंथी (आपण तिला गाठच म्हणतो) काढून तपासली. त्या गाठीत कॅन्सरच्या पेशींचा बारीकसा ठिपका सापडला. कागदावर लिहून आलं: स्टेज तीन बी.

मुलगा रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "साहेब, सुरी लागली अन् पसरलं बघा. आता आमचे अण्णा कुठंच जाणार नाहीत."

मी त्याला विचारलं, "दादा, हिरवंगार दिसणारं कापसाचं बोंड तू फोडतोस आणि आत गुलाबी अळी निघते. बोंड फोडलं म्हणून अळी आली का?" तो गप्प झाला. बोंड वरून चांगलं दिसत होतं तेव्हाही अळी आतच होती. अण्णांच्या जांघेतल्या गाठीचंही तेच. मिलिमीटरभर ठिपका कोणत्याही हाताला लागत नाही आणि कोणत्याही स्कॅनला खात्रीने दिसत नाही. तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. ऑपरेशनआधीची स्टेज तपासणीच्या अंदाजावर असते, ऑपरेशननंतरची पुराव्यावर. आजार तेवढाच होता, माहिती वाढली. आणि ती माहिती मिळाली म्हणूनच त्यांना पुढचं औषध देता आलं. गाठ तपासलीच नसती तर आजार आत राहिला असता आणि घरातले सगळे "दुसऱ्याच स्टेजवर निभावलं" म्हणून निश्चिंत झाले असते.

तुकडा काढल्याने मेलॅनोमा पसरतो का, हे जगभर तपासून झालं आहे. डाग पूर्ण काढून तपासलेले रुग्ण आणि मोठ्या डागाचा फक्त तुकडा काढून तपासलेले रुग्ण यांच्या आयुर्मानात त्या कारणाने फरक पडत नाही. मग हा समज आला कुठून? त्याचं कारण आपल्या वागण्यात आहे. तुकडा काढतात, रिपोर्ट येतो, घर हादरतं, कोणीतरी जडीबुटीवाल्याचा पत्ता देतं, चार-सहा महिने काढे पिण्यात जातात. रुग्ण परत येतो तेव्हा आजार वाढलेला असतो, आणि दोष तुकड्यावर येतो. मधल्या महिन्यांचं नाव कोणी घेत नाही.

रिपोर्टातल्या कोणत्या आकड्याला काय म्हणायचं

घोटाळा इथेच होतो. रिपोर्टात तीन-चार ठिकाणी आकडे असतात आणि नातेवाईक त्यातला सर्वांत मोठा आकडा स्टेज समजून रडायला लागतात.

'क्लार्क लेव्हल ४' हा शब्द दिसला की घरात शोककळा पसरते. ती चौथी स्टेज नाही. कॅन्सर कातडीच्या कोणत्या थरापर्यंत उतरला, ते सांगण्याची ती जुनी पद्धत आहे. क्लार्क लेव्हल ४ असलेला रुग्ण पहिल्या स्टेजचाही असू शकतो. तसंच 'टी ३' म्हणजे तिसरी स्टेज नाही. गाठीत काही नसेल तर टी ३ चा रुग्ण दुसऱ्या स्टेजमध्ये बसतो.

खरा महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे: ब्रेस्लो जाडी. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये दाखवून दिलं, की मेलॅनोमा किती पसरट आहे यापेक्षा तो किती मिलिमीटर खोल गेला यावर पुढचं बरंच ठरतं. एक मिलिमीटरपर्यंत टी १, एक ते दोन टी २, दोन ते चार टी ३, चारच्या वर टी ४. वरची कातडी रोगाने फुटून व्रण झाला असेल तर त्यापुढे 'बी' लागतो, नसेल तर सहसा 'ए'.

स्टेज ठरते ती अशी. कॅन्सर कातडीच्या सर्वांत वरच्या थरातच असेल तर शून्य. खाली उतरला पण गाठीपर्यंत गेला नाही, तर जाडी आणि व्रण पाहून पहिली किंवा दुसरी. जवळच्या गाठीत किंवा मूळ जागा आणि गाठ यांच्या मधल्या वाटेत पोहोचला तर तिसरी. फुप्फुस, यकृत, हाडं, मेंदू किंवा लांबची कातडी इथे गेला तर चौथी.

आता बिब्बा, अॅसिड आणि चटके यांचा मला एवढा राग का, ते कळेल. वरचा थर जाळला की मोजायचं काय? व्रण रोगाने झाला की अॅसिडने, हे पॅथॉलॉजिस्टने कसं ओळखायचं? ब्लेडने तासून गटारात टाकलेला तुकडा परत मिळत नाही. कुरूप, मस, तीळ काढून देणाऱ्यांनी आणि 'लेझरने दहा मिनिटांत' अशी पाटी लावणाऱ्यांनीही हे ऐकावं: काळा डाग तपासणीशिवाय जाळणं म्हणजे रुग्णाची स्टेजच पुसून टाकणं.

स्टेज म्हणजे उरलेले दिवस नव्हेत

"किती दिवस राहिले?" हा प्रश्न मला रुग्णाच्या पाठीमागे, दाराआड विचारला जातो. स्टेज त्याचं उत्तर देत नाही. ती उपचार कोणता करायचा ते सांगते. सध्या वापरात असलेलं वर्गीकरण २०१८ पासून लागू आहे. ते ज्या आकडेवारीवर बसवलं, त्यात तिसऱ्या स्टेजच्या 'ए' गटातले ९३ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर या आजारातून वाचलेले होते, तर 'डी' गटातले ३२ टक्के. स्टेजचा आकडा एकच, तीन! म्हणून "तिसरी आहे" एवढ्यावर कोणाचंही भवितव्य ठरवू नका. हेही सांगितलं पाहिजे, की ही आकडेवारी मुख्यतः गोऱ्या रुग्णांची आहे. तळपायाचा मेलॅनोमा उशिरा सापडतो आणि नव्या औषधांना काहीसा कमी दाद देतो. पण लवकर सापडला तर तोही ऑपरेशनने पूर्ण बरा होऊ शकतो.

चौथ्या स्टेजलाही आता हात टेकायची वेळ राहिलेली नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरविरुद्ध मोकळं करणाऱ्या इम्युनोथेरपीच्या संशोधनाला २०१८ चं नोबेल मिळालं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलॅनोमा २०१५ मध्ये यकृतात आणि मेंदूत पोहोचला होता. तेव्हा ते ९० वर्षांचे होते. ऑपरेशन, रेडिएशन आणि इम्युनोथेरपी घेऊन ते शंभरी गाठून २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेले. प्रत्येकाला असा गुण येतो असं मी म्हणणार नाही. ही औषधं महागही आहेत. पण डॉक्टरांना न विचारताच "शेवटची स्टेज" म्हणून माणसाला खाटेवर टाकून देणं हा अन्याय आहे.

नातेवाइकांनी काय विचारायचं

रिपोर्टचा फोटो गावभर पाठवण्यापेक्षा हे प्रश्न वहीत लिहून डॉक्टरांपुढे बसा:

- जाडी किती मिलिमीटर आहे? व्रण आहे का?
- कडा मोकळ्या आल्या का, की आणखी भाग काढावा लागेल? (जाडीनुसार भोवतालची एक ते दोन सेंटिमीटर निरोगी कातडी काढावी लागते.)
- पहिली गाठ, म्हणजे सेंटिनल नोड, तपासायची गरज आहे का?
- स्कॅन लागणार का?
- बीआरएएफ आणि केआयटी या जनुकांची तपासणी करायची का?

तपासणी झालेल्या लॅबमधून मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या. तपोवन किंवा देवगिरी पकडून परळच्या टाटा रुग्णालयात जाणारी माणसं नुसता कागद घेऊन जातात, आणि तिथे पुन्हा तपासणीसाठी ब्लॉक मागितला की परत फिरतात. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आपल्याला जवळ आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, मगच जमीन विकायचा विचार करा.

आणि घरात आजाऱ्याचं ताट-तांब्या वेगळं करू नका. हा आजार लागट नाही. रक्ताच्या नातेवाइकांना धोका थोडा जास्त असतो, म्हणून भावाबहिणींनी, मुलांनी एकदा कातडी दाखवून घ्यावी. एवढं पुरे.

यातलं काही दिसलं तर थांबू नका

- तळपाय, टाच किंवा तळहातावरचा डाग वाढतो आहे, कडा वाकड्या आहेत, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत.
- काटा, भोवरी किंवा 'शुगरची जखम' समजून उपचार चालू आहे, पण महिनाभरात भरत नाही. डाग काळाच हवा असं नाही, मेलॅनोमा लालसर गुलाबीही असतो.
- एकाच नखात नवी काळी पट्टी आली, ती रुंदावते आहे, किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतं. सरकत नसेल तर दाखवा. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा मेलॅनोमा आधी फुटबॉलची दुखापत समजला गेला. १९८१ मध्ये तो ३६ व्या वर्षी गेला.
- पायावर असा डाग आहे आणि जांघेत गाठ आली. "अवधाण आलंय" म्हणून लेप लावून बसू नका.

महिन्यातून एकदा, पाय धुतल्यावर उजेडात बसून दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. म्हाताऱ्या माणसाला वाकता येत नसेल तर घरातल्या कोणीतरी त्याचे तळवे पाहावेत. शंका आली तर जिल्हा रुग्णालयात किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. डाग काढायचा ठरला तर काढलेला प्रत्येक तुकडा तपासणीला पाठवायला सांगा आणि रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका. रिपोर्ट वाईट आला, तर पुढची तारीख त्याच दिवशी घ्या.