हरकती, सुनावणी आणि गृहकर्ज : ग्रेटर नोएडाचा धडा

शेतजमिनीवर गृहसंकुल उभारण्याचा प्रस्ताव आला की जमीन देणारा शेतकरी, ती घेणारे प्राधिकरण आणि पुढे तेथे राहावयास येणारा ग्राहक असे तीन पक्ष निर्माण होतात. शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे कायद्याने आवश्यक असते. ग्राहकाला मात्र त्या सुनावणीशी आपला काही संबंध आहे, असे सहसा वाटत नाही. दिल्लीलगतच्या ग्रेटर नोएडा परिसरात 2011 साली जे घडले, त्यावरून हा संबंध किती निकटचा आहे हे स्पष्ट झाले.

त्या वेळी 1894 चा भूसंपादन कायदा लागू होता. मूळ कायद्यात हरकतींची तरतूदच नव्हती. ती 1923 मध्ये कलम 5-अ द्वारे करण्यात आली. त्यानुसार अधिसूचनेनंतर 30 दिवसांत जमीनधारकास लेखी हरकत घेता येत असे, जिल्हाधिकारी त्याचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकत आणि आपला अहवाल शासनास सादर करीत. अंतिम निर्णय शासनाचाच असल्याने हा अधिकार तसा मर्यादित होता. तथापि कलम 17 मधील तातडीच्या तरतुदीचा आधार घेऊन हीदेखील सुनावणी वगळता येत असे. पूर, युद्ध अशा प्रसंगी ही सवलत समजण्यासारखी आहे. सदनिकांच्या बाबतीत तिचे समर्थन करणे कठीण.

शाहबेरी गावात नेमके हेच झाले. तेथील सुमारे 156 हेक्टर जमीन 2009 मध्ये ‘नियोजित औद्योगिक विकासा’साठी तातडीच्या कलमाखाली, हरकती न ऐकता संपादित करण्यात आली. त्यानंतर औद्योगिक वापराऐवजी निवासी वापर ठरवून ती खाजगी विकसकांना देण्यात आली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने हे संपादन रद्द केले आणि 6 जुलै 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम करून प्राधिकरणास 10 लाख रुपयांचा खर्च भरावयास सांगितला. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने शेजारच्या पटवारी गावचे 589 हेक्टरांचे संपादनही रद्द ठरविले.

‘नोएडा एक्स्टेन्शन’ या नावाने जाहिरात झालेल्या या पट्ट्यात हजारो कुटुंबांनी सदनिका नोंदविल्या होत्या. त्यांपैकी अनेकांनी गृहकर्जे घेतली होती. बांधकाम थांबले, तरी कर्जाचा भार थांबला नाही. घरभाडे आणि कर्जाचा हप्ता असा दुहेरी बोजा कित्येकांना सोसावा लागला. ज्या सुनावणीची नोटीस या कुटुंबांना कधी येणारच नव्हती, ती न झाल्याचा फटका त्यांना बसला.

21 ऑक्टोबर 2011 रोजी उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्ण पीठाने शेकडो याचिकांवर एकत्रित निर्णय दिला. बहुतेक गावांत बांधकामे बरीच पुढे गेल्याने संपादन रद्द न करता शेतकऱ्यांना 64.7 टक्के वाढीव मोबदला आणि 10 टक्के विकसित जमीन द्यावी, असे पीठाने ठरविले. मात्र राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाची बृहत् आराखड्यास मंजुरी मिळेपर्यंत बांधकामास मनाई झाली. ती मंजुरी ऑगस्ट 2012 मध्ये मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने मे 2015 मध्ये पूर्ण पीठाचा निर्णय कायम केला. 30 दिवसांची मुदत वाचविण्यासाठी उचललेल्या पावलाचा निकाल लागण्यास अशी वर्षे लागली, आणि वाढीव मोबदल्याची रक्कम प्राधिकरणाने विकसकांकडे मागितल्याने घरांच्या किमतीचे गणितही बदलले.

1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या 2013 च्या भूसंपादन कायद्याने या प्रक्रियेचे स्वरूप पालटले. संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचे मूल्यमापन, बाधित क्षेत्रात जनसुनावणी, हरकतींसाठी 60 दिवस, खाजगी कंपनीसाठी संपादन असल्यास 80 टक्के आणि सार्वजनिक-खाजगी भागीदारीत 70 टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती अशा अटी त्यात आहेत. तातडीची तरतूद संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती, अथवा संसदेच्या मान्यतेने अन्य आणीबाणी, एवढ्यापुरती सीमित झाली. अर्थात, विकसकाने शेतकऱ्याकडून थेट खरेदी केलेल्या जमिनीला ही सर्व प्रक्रिया सरसकट लागू होत नाही.

शाहबेरीची पुढील हकीकत याच दृष्टीने उद्बोधक आहे. जमीन परत मिळाल्यावर तिचे लहान तुकडे विकले गेले आणि त्यांवर मंजूर नकाशांविना बहुमजली इमारती दाटीने उभ्या राहिल्या. तेथील सदनिकांचे खरेदीखत नोंदले जात होते, कर्जेही मिळत होती. 17 जुलै 2018 च्या रात्री अशा दोन इमारती कोसळल्या आणि 9 जणांना प्राण गमवावे लागले. खरेदीखताची नोंदणी ही केवळ व्यवहाराची नोंद असते. बांधकामाच्या वैधतेचा तो दाखला नव्हे. म्हणून शहरालगतच्या गावात सदनिका घेणाऱ्या ग्राहकाने, आणि तिच्यावर कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यानेही, पुढील बाबी खरेदीखताबरोबरच मागून घ्याव्यात : संपादन झाले असल्यास त्याची अधिसूचना व तिच्यात नमूद केलेला हेतू, जमिनीच्या वापरात बदल झाला असल्यास त्याचा आदेश, सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेला नकाशा, स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडील नोंदणी क्रमांक आणि त्या जमिनीसंबंधी न्यायालयात दावा प्रलंबित आहे किंवा नाही याची माहिती.