सहल, पाळणे आणि कानातली गाणी

शाळांना सुट्ट्या लागल्या की सदर, गड्डीगोदाम, मोहननगर, खलाशी लाईन भागातल्या वस्त्यांतून सहलीच्या गाड्या निघू लागतात. महिला मंडळाची एक, तरुण मुलांची एक, विहारातल्या बालसंस्कार वर्गाची एक. कुणी अमरावती रस्त्याने बाजारगावकडच्या वॉटर पार्कला जाते. ज्यांचा तेवढा खर्च जमत नाही ते कस्तुरचंद पार्कवर मेळा लागला की आकाशपाळण्यात बसून येतात. डबे, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, बदलायचे कपडे याची यादी आपल्या बायका बरोबर करतात. त्या यादीत न लिहिताही एक वस्तू प्रत्येकाच्या खिशात असतेच, ती म्हणजे गाणी. मोबाईल, इअरफोन, गळ्यात अडकवायचा नेकबँड आणि गाडीत मधोमध ठेवायचा ब्लूटूथचा डबा. या महिन्याच्या आरोग्य पानावर त्याच वस्तूबद्दल बोलू.

मी बरीच वर्षे रुग्णालयात कान तपासणीच्या खोलीत काम केले. निवृत्त झाले तरी वस्तीतले लोक कानाची तक्रार घेऊन घरी येतात. मागच्या उन्हाळ्यात असाच एक मुलगा आला. वय १९. पहाटे उठून धावतो, सैन्यभरतीची तयारी करतो. आदल्या रविवारी मित्रांसोबत वॉटर पार्कला गेला होता. मंगळवारी सकाळी दारात उभा. म्हणाला, "काकू, डाव्या कानात शिट्टी वाजून राहिली, बंदच नाही होऊन राहिली."

दिवसभर काय काय केले ते मी त्याला विचारले. जाताना तासभर गाडीत डब्याच्या बाजूची सीट. पार्कमध्ये रांगेत उभा असताना नेकबँड. दुपारी रेन डान्स, तोही थेट स्पीकरसमोर, कारण मित्रांनी तिथेच जागा धरली होती. येताना पुन्हा इअरफोन, आणि ते कानात ठेवूनच झोप लागली. यातली एकही गोष्ट मुलांना वावगी वाटत नाही. त्याने दारू प्यायली नाही, भांडण केले नाही, उंचावरून उडी मारली नाही. आईला तर तो शहाण्यासारखा वागला असेच वाटले, आणि ते खरेही होते.

कानात नेमके काय बिघडते ते आधी समजून घ्या. पडद्याच्या आत, हाडात, वाटाण्याएवढी एक शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यात अतिशय बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. आवाजाची लाट आली की हे केस हलतात आणि मेंदूकडे निरोप जातो. कस्तुरचंद पार्कच्या गवतावरून एकदा चालत गेलात तर गवत दबते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहते. रोज त्याच जागेवरून माणसे गेली की पायवाट पडते आणि तिथे गवत येत नाही. या पेशींचेही तसेच आहे. मोठ्या आवाजानंतर कान सुन्न वाटणे, कापूस भरल्यासारखे वाटणे, शिट्टी वाजणे म्हणजे दबलेले गवत. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत ते उभे राहते. पण जी पेशी मेली ती पुन्हा उगवत नाही. कातडी भरून येते, हाड जुळते, ही पेशी येत नाही. जगात अजून त्यावर औषध निघालेले नाही.

किती आवाज चालतो? जागतिक आरोग्य संघटनेने याचा हिशोब आठवड्यावर बांधला आहे. मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास चालतो. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल धरली आहे. पुढची गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण इथेच लोक फसतात. आवाज फक्त ३ डेसिबलने वाढला की चालणारा वेळ निम्मा होतो. म्हणून ९० डेसिबलला आठवड्याचे ४ तासच उरतात, ९५ ला सव्वा तास आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटे. आकडा ८० चा १०० झाला आणि ४० तासांची २० मिनिटे झाली. रेन डान्सच्या मोठ्या स्पीकरसमोर १०० डेसिबल सहज भरतात. म्हणजे त्या मुलाचा आठवडाभराचा वाटा पहिल्या चार-पाच गाण्यांत संपला होता, आणि तो तिथे दोन तास नाचत होता.

मग पार्क किंवा मेळ्यातच इअरफोनचा धोका जास्त का? घरी खोलीत शांतता असते, तिथे निम्म्या आवाजात गाणे छान ऐकू येते. पार्कमध्ये पाळण्याच्या मोटारी, पोरांच्या किंकाळ्या, भोंग्यावरच्या सूचना, पाण्याचा धबधबा, सगळे एकदम चाललेले असते. साधा इअरफोन बाहेरचा आवाज अडवत नाही. त्यामुळे गाणे ऐकू यावे म्हणून आपण नकळत त्या गोंगाटाच्या वर आवाज चढवतो. बाहेर ८५ असेल तर कानात ९५ करतो. मेट्रोत किंवा बसमध्ये हेच होते. कस्तुरचंद पार्क स्टेशनवर चढून कडबी चौकापर्यंत जाताना आवाज किती वाढवलात आणि घरी येऊन तेच गाणे तेवढ्याच आवाजात लावले तर किती कर्कश वाटते, हे एकदा करून बघा.

थोडे विषयांतर. १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन काढला, तेव्हा खिशात मावणारा टेप लोकांना नवीन होता. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन छिद्रे ठेवली होती आणि एक नारिंगी बटण दिले होते. ते दाबले की गाणे हळू होऊन सोबत्याचे बोलणे ऐकू यायचे. एकट्याने कान बंद करून बसणे बरे दिसणार नाही, असे तेव्हा बनवणाऱ्यांनाही वाटले असावे. पुढे ते बटण गेले, दुसरे छिद्रही गेले. दीक्षाभूमीवर पूर्वी भीमगीतांच्या कॅसेटच्या दुकानांवर सगळे मिळून ऐकायचो, आता तीच गाणी मेमरी कार्डावरून एकेकाच्या कानात वाजतात. गाणी घराघरांत पोहोचली हे चांगलेच झाले. तक्रार फक्त आवाजाच्या काट्याची आहे.

आता पाळण्यांचे. आकाशपाळणा असो, गोल फिरणारा झुला असो की रोलर कोस्टर, त्यात बसताना कानात, गळ्यात, हातात काही नको. नेकबँड किंवा लोंबणारी वायर दांड्यात, साखळीत अडकू शकते, आणि गळ्याभोवतीची वस्तू अडकली की काय होते ते ओढणी चाकात गेलेल्या बातम्यांवरून आपल्याला माहीत आहे. वरून सुटलेला मोबाईल खाली उभ्या असलेल्या कुणाच्या तरी डोक्यावर येतो. आणि पट्टा लावा, दांडा पकडा, थांबा, अजून उतरू नका असे पाळणेवाला ओरडतो ते ऐकू आलेच पाहिजे. गर्दीत हरवलेल्या पोराला आई हाका मारते आणि पोराच्या कानात गाणे असते, असेही होते. म्हणून पार्कच्या फाटकात शिरतानाच सगळ्यांचे इअरफोन एका पिशवीत गोळा करा आणि सामान सांभाळणाऱ्या आजीजवळ द्या. आजी नाही म्हणणार नाहीत, त्यांना काम मिळते.

त्याच आजी-आजोबांना श्रवणयंत्र असेल तर पाण्याच्या खेळाआधी तेही काढून डबीत ठेवा. शस्त्रक्रिया करून कानात यंत्र बसवलेले मूल असेल तर प्लास्टिकच्या घसरगुंडीवर जाण्याआधी बाहेरचा भाग काढायला हवा, कारण घसरताना तयार होणाऱ्या स्थिर विजेने यंत्र बिघडू शकते.

पाण्याबद्दल एक गोष्ट आपल्या घरांसाठी फार महत्त्वाची आहे. वस्तीत कान फुटलेली, कान वाहणारी मुले पुष्कळ आहेत. सर्दी-पडशाकडे दुर्लक्ष होते, आत पू होतो, पडद्याला छिद्र पडते. अशा मुलाने तलावात डोके बुडवू नये. अंगावर पाणी घ्यायचेच असेल तर कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून तो कानाच्या तोंडाशी बसवावा, आत खोल ढकलू नये. ज्यांचे कान चांगले आहेत त्यांनीही पाण्यातून आल्यावर लगेच इअरफोन लावू नये. आत ओल, वरून बूच. बुरशी धरायला याहून चांगली जागा नाही. कान ठणकतो, खाजतो, पाणी येते. एकाचा इअरफोन दुसऱ्याने लावला की तीच घाण तिसऱ्याच्या कानात जाते. डोके वाकवून पाणी निघू द्या, बाहेरून टॉवेलने पुसा, तासभर जाऊ द्या. काडी, पिन, किल्ली, गरम तेल यातले काहीही नको. मोहरीचे तेल टाकून कान "मोकळा" करण्याने किती पडदे बिघडलेले मी पाहिले आहेत, त्याचा हिशोब ठेवला नाही.

गाडीतल्या ब्लूटूथच्या डब्याबद्दल मुले वाद घालतात. सहलीला गाणी नकोत का? हवीत. बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, संगीताशी आपले वैर नाही. डबा सीटवर किंवा मांडीवर न ठेवता गाडीच्या एका टोकाला ठेवा, आणि शेजारच्या माणसाशी न ओरडता बोलता येईल इतकाच आवाज ठेवा. हाताच्या अंतरावरच्या माणसाला ओरडून सांगावे लागत असेल तर आवाज कानाला घातक आहे, ही बिनयंत्राची खूण. ड्रायव्हरलाही मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला चौपट वेळ मिळतो. रेन डान्सला दोन मीटरवर नाचण्याऐवजी चार मीटरवर नाचा. मजा तेवढीच येते.

हाच नियम १४ एप्रिलच्या मिरवणुकीलाही आहे. तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन डीजेच्या भिंतीसमोर उभे राहणारे बाप पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. मी हे बोलले की काहींना राग येतो, येऊ द्या. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच लिहिलेली आहे.

रोजच्या वापरात मोबाईलचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका. बहुतेक मोबाईलच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा बांधून ठेवता येते, मुलांच्या फोनवर ती आजच बांधा. आणि गड्डीगोदाम-मोहननगर पट्ट्यातून रुळांच्या आसपास वावरताना दोन्ही कान उघडे हवेत. त्यावर जास्त बोलायला नको.

शिट्टी एक दिवसात थांबली नाही, एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, कान भरल्यासारखा राहिला, चक्कर आली, तर वाट बघत बसू नका. अचानक गेलेल्या कानावर पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार सुरू झाले तर परत येण्याची शक्यता चांगली असते, आठवडे गेले की ती घटत जाते. आपल्या भागाला मेयो जवळ आहे, तिकडे मेडिकल आहे, दोन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहे. तपासणी दुखत नाही. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचे, बारीक आवाज आला की बटण दाबायचे. शाळेत न ऐकणारी, दोनदा सांगावे लागणारी मुलेही दाखवा. कितीतरी "मठ्ठ" ठरवलेली मुले फक्त कमी ऐकत असतात.

त्या मुलाला मी दुसऱ्याच दिवशी घेऊन गेले. आलेखात डाव्या कानाला ४००० हर्ट्झच्या जागी खड्डा होता. मोठ्या आवाजाने बिघडलेला कान आधी तिथेच खचतो. साध्या बोलण्यात त्याला काही फरक जाणवत नव्हता, म्हणून आई म्हणाली, "मग चिंता कशाची?" चिंता अशी की बोलण्यातले स, श, थ, फ हे हवेचे आवाज त्याच वरच्या पट्टीत असतात. ते गेले की माणसाला ऐकू येते पण कळत नाही. साप म्हटले की ताप म्हटले, याचा गोंधळ उडतो. आणि सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत सहा मीटरवरून कुजबुज करतात, ती प्रत्येक कानाने वेगवेगळी ऐकू यावी लागते. कुजबुजीत गळ्याचा सूर नसतो, नुसती हवा असते. वर्षभर पहाटे धावून कमावलेले पाय आणि छाती तिथे कामाला येत नाहीत.

डॉक्टरांनी औषध दिले. तीन आठवड्यांनी खड्डा थोडा भरला होता, पूर्ण नाही. शिट्टी आता फक्त रात्री, सगळे शांत झाल्यावर ऐकू येते म्हणतो. नेकबँड त्याने धाकट्या भावाला देऊन टाकला होता. मी त्याच्या घरी जाऊन भावाच्या मोबाईलवर मर्यादा बांधून दिली. भरतीआधी आणखी एकदा तपासणी करायची आहे, त्या दिवशी मी सोबत जाणार आहे.