काचेच्या हौदांतील पाणी मुरविणें

आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें हल्लीं पुण्यास बिऱ्हाड करून असतात, व त्यांच्या घरीं पाणवनस्पति आणि रंगीत मासे असलेला काचेचा हौद दृष्टीस पडतो. निवृत्तीनंतर नातवंडांच्या आग्रहास्तव मींहि असा ६० लिटरांचा हौद मांडिला. वाळू धुतली, झाडें लाविलीं, खडकवासल्याचें नळास येणारें पाणी भरलें व दुसऱ्याच दिवशीं बारा निऑन टेट्रा सोडिले. पाणी आरशासारखें स्वच्छ होतें. आठवड्याच्या आंत नऊ मासे मेले. दुकानदारास दोष देण्याचा मोह झाला. परंतु चौकशीअंतीं चूक माझीच निघाली.

कारण असें. मासा श्वासाबरोबर कल्ल्यांवाटे अमोनिया टाकितो. उरलेलें अन्न व कुजलेलीं पानें त्यांत भर घालितात. शेतांत अमोनियम सल्फेट टाकिलें असतां जमिनींतील सूक्ष्म जंतू त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करितात, हें वाचकांस ठाऊक आहेच. हे जंतू १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें वेगळे काढून दाखविले. हौदांतहि हेंच काम चालतें. मात्र जमिनींत हे जंतू आधींच नांदत असतात, नव्या हौदांत ते जवळजवळ नसतात. अमोनिया कल्ले जाळितो. नायट्राइट रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति हरण करितें. रक्त तपकिरी पडतें व मासा पाण्यांत असूनहि गुदमरतो. नायट्रेट त्या मानानें सौम्य, आणि झाडांस तर तें खतच. बोअरचें पाणी वापरणारांनीं अधिक जपावें. सामू ७ वरून ८ वर गेला कीं अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो.

सबब मासे आणण्यापूर्वीं जंतूंची वसाहत बसविली पाहिजे. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन औषधानें मारावा. झाडें दाट लावावीं, कारण तीं स्वतःच अमोनिया शोषितात. (कासच्या पठारावरील वायतुरा पाहून कोणास मोह होईल, ती वनस्पति दुर्मिळ आहे, तिला हात लावूं नये.) मग शुद्ध नवसागर, कल्हईवाल्याचा नव्हे, ६० लिटरांस सुमारें ०.४ ग्रॅम घालावा. म्हणजे दर लिटरास २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. कोणाच्या जुन्या, निरोगी हौदांतील गाळणीचा स्पंज मिळाल्यास उत्तमच. दुधास विरजण तसा तो येथें उपयोगीं पडतो.

तपासणीचीं औषधें दुकानांत मिळतात. दर दोन दिवसांनीं आंकडे वहींत टिपावे. आम्हां कारकुनांस तेवढेंच साधतें. प्रथम अमोनिया उतरूं लागतो व नायट्राइट चढतें; पुढें तेंहि उतरतें. पुन्हां तितकाच नवसागर घालून चोवीस तासांत दोन्ही शून्यावर आलीं, म्हणजे हौद तयार समजावा. यास तीन ते सहा आठवडे लागतात. मीं दुसऱ्या खेपेस पौषांत आरंभ केला. थंडींत जंतूंचें काम मंदावतें, म्हणून मला ३७ दिवस लागले. नंतर अर्ध्याहून अधिक पाणी बदलून पांचच मासे सोडिले, उरलेले पंधरवड्यानें. त्यांतील एकहि गेला नाहीं.

हे जंतू पाण्यांत थोडे, वाळूवर व स्पंजावर फार असतात. याकरितां स्पंज नळाखालीं धुऊं नये. हौदांतून काढलेल्या पाण्यांतच हलकेंच पिळावा.