लाइट गेली, अपग्रेड अडकलं, स्क्रीन काळी? फॉरमॅट मारू नका!

समजा नांदूरघाटला तुमचं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लायसन्सचा खर्च नको म्हणून पीसीवर उबंटू टाकलंय. अपग्रेड निम्म्यावर असताना लाइट गेली. पीसी परत चालू केला तर नुसती काळी स्क्रीन, आणि काउंटरला गिऱ्हाईक उभं!

'फॉरमॅट मारून देतो' म्हणणारा कुणीतरी भेटतोच. थांबा. शटर अडकलंय, माल आतच आहे. गिऱ्हाइकांच्या फाइली होम फोल्डरमध्ये असतात, फॉरमॅटमध्ये त्याच जातील.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबा. लॉगिन विचारेल. नाव, पासवर्ड टाका (पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, घाबरू नका). पुढच्या कमांड इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

आधी 'डीएफ -एच'. '/' च्या ओळीत 100% दिसलं तर जागा संपलीय. 'सुडो एपीटी क्लीन' करा. मग खरं औषध: 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. अर्धवट बसलेली पॅकेजं ते पूर्ण बसवतं. बऱ्याचदा इथंच काम होतं. पाठोपाठ 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. याला नेट लागू शकतं. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. शेवटी 'सुडो रीबूट'.

तरी काळीच? परत तिथंच जाऊन 'सुडो एपीटी इन्स्टॉल उबंटू-डेस्कटॉप'. गळालेली पॅकेजं परत येतात.

आणि घाई कशाला? उबंटू 24.04 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. फॉर्मची शेवटची तारीख जाऊ द्या, फाइली पेनड्राइव्हवर घ्या, यूपीएस लावा, मग अपग्रेड.