वार्तेची पारख

'अफवा' हा शब्द आपल्या भाषेंत अरबींतून आला. मूळ भाषेंत त्याचा अर्थ नुसता 'तोंडें' एवढाच आहे. ज्या वार्तेस धनी नाहीं, केवळ तोंडें आहेत, ती अफवा, असें म्हटल्यास तें व्युत्पत्तीसही धरून होईल. एका तोंडून दुसऱ्या तोंडीं जातां जातां अशी वार्ता माणसें कशीं मारते, आणि तिची पारख शाळेंतील मुलासही कशी करितां येते, याचा थोडा विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा म्हणून हा लेख लिहीत आहें.

उदाहरण फार दूरचें घेण्याचें कारण नाहीं. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत, मंगळवेढें तालुक्यांत, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं कुटुंबें राहतात. भैरवनाथाच्या नांवानें भिक्षा मागत गांवोगांव फिरणें हा त्यांचा पिढीजात क्रम. या समाजाचे पांच जण, त्यांतील बहुतेक मंगळवेढें भागांतले, रविवार ता. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा या आदिवासी गांवीं गेले होते. तो तेथील आठवडे-बाजाराचा दिवस होता. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशा मजकुराचे निरोप त्या भागांत कित्येक दिवस मोबाईलवरून फिरत होते. या पाहुण्यांपैकीं एकानें एका लहान मुलीशीं बोलण्याचा प्रयत्न केला, असें पुढें पोलिसांनीं सांगितलें. तेवढें निमित्त पुरलें. जमावानें त्यांस धरलें, ग्रामपंचायतीच्या कचेरींत कोंडलें आणि तेथेंच मरेपर्यंत मारलें. पांचांपैकीं एकही वांचला नाहीं. त्याच दिवशीं मालेगांवांत असाच जमाव जमला होता. तेथें मात्र पोलिसांनीं एका लहान मुलासह पांच जणांचे प्राण वांचविले.

राईनपाड्याच्या लोकांस राक्षस म्हणून मोकळें होणें सोपें आहे, पण त्यानें अभ्यास होत नाहीं. तीं कष्टकरी, मुलाबाळांचीं माणसें होतीं आणि त्यांस खरोखरच भय वाटत होतें. त्यांच्या हातून घडला तो खूनच. परंतु तो कोणत्या वाटेनें घडला हें पाहिलें पाहिजे.

त्या वर्षीं देशांत अनेक ठिकाणीं एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघे जण येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांपैकीं एकास उचलतात आणि निघून जातात. तो पाहून कोणाही आईबापाच्या पोटांत गोळा येईल. पण तो आपल्या देशांतील नव्हताच. कराची शहरांत 'रोशनी हेल्पलाइन' नांवाची संस्था हरवलेल्या मुलांसाठीं काम करिते. आईबापांनीं मुलांवर लक्ष ठेवावें या हेतूनें तिनें २०१६ सालीं तो चित्रपट करविला होता. मूळ चित्रपटांत तेच मोटारसायकलस्वार मुलास परत आणून सोडतात आणि एक फलक उघडून दाखवितात. मूल पळविण्यास एक क्षण पुरे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. आपल्याकडे ज्यानें कोणी तो पाठविला, त्यानें हा शेवट कापून टाकिला होता. दुसरा एक व्हिडिओ धुळें भागांतही पोंचला होता. त्यांत लहान मुलांचीं प्रेतें ओळीनें ठेविलेलीं दिसत, आणि अवयव काढून घेण्यासाठीं टोळीनें हीं मुलें मारलीं असें सोबत सांगितलें जाई. तीं प्रेतें खरीं होतीं. सीरिया देशांत दमास्कस शहराजवळ घूता येथें ता. २१ ऑगस्ट २०१३ रोजीं विषारी वायूच्या हल्ल्यांत तीं मुलें मेलीं होतीं. पांच वर्षांपूर्वीचें, हजारों मैल दूरचें दुःख उचलून तें साक्री तालुक्याच्या माथीं मारलें गेलें.

येथें विद्यार्थ्यांनीं थोडें थांबावें. या दोहोंत कोणीं नवें असें कांहींच रचलेलें नव्हतें. एकाचा शेवट कापला, दुसऱ्याचें स्थळ व साल बदललें. आतां तर यंत्राच्या साह्यानें नसलेला चेहरा व नसलेला आवाजही बनवितां येतो. परंतु राईनपाड्यास तेवढी विद्या लागली नाहीं, कात्री पुरली. 'मीं डोळ्यांनीं पाहिलें' हा पुरावा म्हणूनच अपुरा ठरतो. काय पाहिलें याबरोबर तें कोठलें, केव्हांचें, आणि सगळें पाहिलें कीं अर्धेंच, हेंही विचारावें लागतें.

अवयव काढणाऱ्या टोळीची कथा आजच्या काळांतली वाटते, पण ती फार जुनी आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां इस्पितळांत नेलेल्या माणसांच्या शरीरांतून 'मोमिआई' नांवाचें औषधी तेल काढतात अशी वार्ता लोकांच्या तोंडीं होती. ता. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरणी-कामगारांच्या सुमारें हजारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. हे लोक मूर्ख होते काय? मला तसें वाटत नाहीं. इस्पितळांत गेलेले बहुतेक रोगी परत येत नसत, कारण रोगच तसा होता. माणसांना घरांतून जबरीनें नेलें जाई. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि ही जबरी अधिकच वाढली. जेथें सत्ता बोलत नाहीं, नुसती ओढून नेते, तेथें उरलेली जागा अफवा भरून काढते. त्या काळीं भय कांहींसें ओसरलें तें जाहीरनाम्यांनीं नव्हे, असें मला वाटतें. निरनिराळ्या समाजांनीं आपापलीं इस्पितळें उघडलीं. तेथें रोग्यास आपली माणसें दिसूं लागलीं. हाफकिन साहेबांनीं प्लेगची लस प्रथम ता. १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःस टोंचून घेतली, मग लोकांपुढें ठेविली. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनीं आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत रोगी स्वतः आणून त्यांची शुश्रूषा केली आणि ता. १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें त्या गेल्या.

अवयवांच्या या कथेची शास्त्रीय पारखही करून पाहावी. एका माणसाचा अवयव दुसऱ्यास लावण्यापूर्वीं दोघांचें रक्त व पेशीजाल जुळावें लागतें. त्यास निर्जंतुक शस्त्रक्रियागृह, कुशल वैद्य आणि बर्फाची सोय लागते. शरीराबाहेर काढलेलें हृदय चार ते सहा तासांच्या आंत दुसऱ्या छातींत गेलें पाहिजे. बाजारांतून उचललेल्या मुलाचा अवयव पिशवींत घालून विकतां येईल, ही कल्पना शरीरशास्त्राच्या पहिल्या धड्यासही टिकत नाहीं. मुलें हरवतात, पळविलींही जातात, हें मात्र खरें आहे आणि तें नाकारण्यांत शहाणपण नाहीं. त्यासाठीं १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक आहे. आपल्या शंकेची खबर तेथें द्यावी, गल्लींतील गटावर नव्हे.

आतां त्याहून अवघड गोष्टीकडे वळतों. अफवेस भूमि आधींच नांगरलेली असावी लागते. बाजारांत त्या दिवशीं परगांवचे इतर लोकही असतील. संशय या पांचांवरच कां गेला? त्यांचा वेष, त्यांची बोली, त्यांचें दारोदार फिरणें. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्यें रद्द झाला, परंतु कायद्याबरोबर शब्द रद्द होत नाहींत. आपल्याच घरांत, मूल जेवत नसलें कीं 'झोळीवाला बाबा घेऊन जाईल' असें आपण सहज म्हणतों. शेतांतून मोटार चोरीस गेली कीं पालावरच्या माणसांकडे बोट दाखवितों. हें बोलणें मनुष्यवधाइतकें वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. पण ज्या दिवशीं खरोखरच झोळी घेतलेला मनुष्य दारीं येतो, त्या दिवशीं मुलाच्या मनांत काय जागें होतें याचा पालकांनीं विचार करावा. तुळजापूरच्या यात्रेस येणारे गोंधळी व पोतराज, सुगीनंतर येणारे नंदीवाले, बहुरूपी, डवरी गोसावी, हे आपल्या जिल्ह्यास परके नाहींत. त्यांचीं मुलें आपल्याच शाळांच्या बाकांवर बसूं पाहतात.

पारख कशी करावी, तें सांगतों. निरोप हातीं आला कीं पहिल्यानें त्याचा धनी शोधावा: ज्यानें पाठविला त्यास तो कोणाकडून आला, आणि त्या पहिल्यानें स्वतः काय पाहिलें. बहुधा दोन पायऱ्यांपलीकडे कोणी सांपडतच नाहीं, आणि तेंच उत्तर समजावें. मग तारीख व गांव पाहावें. 'आज सकाळींच', 'आपल्या जिल्ह्यांत', 'पुढें पाठवा, वर्तमानपत्रें हें दडवीत आहेत', असल्या शब्दांत ना तारीख असते ना गांव. असा मजकूर उद्यांही 'आजचाच' राहतो. चित्र असल्यास त्यांतील दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे क्रमांक, कपडे, झाडें बारकाईनें पाहावीं. तेंच चित्र 'गूगल लेन्स'सारख्या साधनास दिलें असतां तें पूर्वीं कोठें कोठें प्रसिद्ध झालें आहे हें दिसूं शकतें; व्हिडिओ असल्यास तो एका जागीं थांबवून त्या क्षणाचें चित्र काढून द्यावें. एवढें करूनही कांहीं न सांपडल्यास वार्ता खरी ठरली असें होत नाहीं. ती अजून अनिर्णीत आहे, एवढेंच ठरतें. आणि अनिर्णीत वार्ता पुढें पाठवूं नये.

पारख झाली तरी काम अर्धेंच झालें. खोटें आहे असें ओरडून सांगितल्यानें तें जात नाहीं, याचा दारुण दाखला त्रिपुरा राज्यांत आहे. तेथें मुलें पळविण्याच्या अफवा खोट्या आहेत असें ध्वनिक्षेपकावरून सांगत फिरण्यासाठीं सरकारनें एक मनुष्य नेमला होता. ता. २८ जून २०१८ रोजीं साब्रूम भागांत जमावानें त्यालाच ठार मारलें. त्यालाही गांव ओळखत नव्हता. याउलट तेलंगणांतील गदवाल जिल्हा पाहावा. हा आपला जिल्हा आणि तो, दोन्ही १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यांत होते. तेथील पोलीस अधीक्षक श्रीमती रेमा राजेश्वरी यांनीं एकेका शिपायाकडे गांवें वांटून दिलीं होतीं. तो शिपाई नेमानें गांवांत जाई, लोकांच्या ओळखीचा होई आणि गांवच्या अडचणी ऐके. अफवांचे निरोप येऊं लागतांच या ओळखीच्या माणसांनीं घरोघर जाऊन बोलणें केलें, लोकगायकांनीं गाणीं म्हटलीं, दवंडी पिटली. भोंवतालच्या प्रदेशांत लोक मारले जात असतां त्या जिल्ह्यांतील सुमारें चारशें गांवांत या अफवेनें कोणाचा बळी गेला नाहीं. दोन्ही ठिकाणीं सांगितलेलें सत्य एकच होतें. सांगणाऱ्याची ओळख निराळी होती.

सरकार व कंपन्या यांनीं केलेल्या उपायांचा उल्लेख थोडक्यांत करितों. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें पुढें ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि आपल्या देशांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पाठवितां येऊं नये अशी मर्यादा घातली. ता. १७ जुलै २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जमावाच्या हिंसेविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यांत एक जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्यास सांगितलें. ता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत पांच किंवा अधिक जणांनीं मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनास निराळें कलम आहे. हे उपाय हवेतच. पण काकांनीं कुटुंबाच्या गटावर पाठविलेला व्हिडिओ कोणतेंही न्यायालय वेळेवर थांबवूं शकत नाहीं.

तेथें घरांतील मुलामुलींचें काम येतें, आणि तें नाजूक आहे. चारचौघांत 'काका, तुम्ही खोटें पाठवितां' म्हटलें तर काका व्हिडिओची बाजू सोडून स्वतःची बाजू लढवूं लागतील. त्यांस एकटें गांठून म्हणावें, "काका, मी शोधून पाहिलें, हा व्हिडिओ कराचीचा निघाला, शेवटचा भाग कोणीं कापला आहे, हा पाहा मूळचा." खरें काय तें आधीं सांगावें, खोट्याचा उच्चार नंतर व थोडका करावा, नाहींतर ऐकणाऱ्याच्या ध्यानांत खोटेंच राहतें. गटावर दुरुस्ती त्यांच्याच नांवानें गेली तर फारच उत्तम.

आपल्या जिल्ह्यापुरता आणखी एक विषय आहे. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं, किल्लारीच्या भूकंपानें लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारों माणसें घरांच्या दगडमातीखालीं गेलीं. सास्तूर भागांतील पालकांस त्याविषयीं मीं सांगण्याची गरज नाहीं. ज्या माणसांनीं तें पाहिलें त्यांच्या कानीं 'आज रात्रीं तीन वाजतां पुन्हां धक्का' असा निरोप पडला तर त्यांची झोंप कशी उडेल! भूकंपाचा दिवस व वेळ आगाऊ सांगण्याचें साधन आजमितीस जगांतील कोणत्याही शास्त्रापाशीं नाहीं. म्हणून ज्या निरोपांत भूकंपाची घटका दिलेली असेल, तो दुसऱ्या कोणत्याही चौकशीवांचून असत्य समजावा, मग त्याखालीं कितीही मोठ्या संस्थेचें नांव असो.

नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीं वर्गांत एक वही ठेवावी असें माझें सुचविणें आहे. ऐकलेली वार्ता, ती कोणाकडून आली, कोठें व कशी तपासली आणि काय निघालें, एवढे चार रकाने पुरेत. पाठविणाऱ्याचें नांव लिहूं नये, नातें लिहिलें तरी चालेल. वार्ता खरी निघाली तर तीही नोंदावी. पालकांनीं आपल्या मोबाईलवर आलेले निरोप मुलांच्या हातीं या वहीसाठीं पाठविले, तर पुढील वर्षाच्या अंकांत त्यांतील निवडक नोंदी देतां येतील.