जोडीनें घेतलेलीं मापें

दोन औषधांपैकीं कोणत्यानें झोंप अधिक येते, हा प्रश्न दिसावयास सोपा आहे. दहा जणांस एक द्यावें, दुसऱ्या दहा जणांस दुसरें द्यावें व सरासरी काढावी, असें कोणीही म्हणेल. परंतु कोणी उशीस डोकें टेकतांच घोरूं लागतो, तर कोणी रात्रभर कूस बदलीत राहतो. औषधांतील लहानसा फरक माणसांतील या मोठ्या फरकांत हरवून जातो. यास्तव एकाच माणसास निरनिराळ्या रात्रीं दोन्ही औषधें देऊन पाहावें, हें बरें. अशा मापांस आपण जोडीचीं मापें म्हणूं.

अमेरिकेंतील कॅलमझू येथील मनोरुग्णालयांत असा प्रयोग झाला व कुश्नी आणि पीबल्स यांनीं १९०५ सालीं तो प्रसिद्ध केला. डब्लिनच्या गिनेस बीअर-कारखान्यांत नोकरीस असलेल्या विल्यम गॉसेट यांनीं १९०८ सालीं 'स्टुडंट' या टोपणनांवानें लिहिलेल्या निबंधांत त्यांतील दहा रोग्यांचे आंकडे घेतले. औषधांचीं नांवें लिहितांना त्यांची गफलत झाली होती. म्हणून आपण पहिलें व दुसरें असेंच म्हणूं.

पहिल्या औषधानें सरासरी ०.७५ तास व दुसऱ्यानें २.३३ तास झोंप वाढली. आतां विद्यार्थिमित्रहो, पाटी घ्या. प्रत्येक रोग्याच्या दुसऱ्या आंकड्यांतून पहिला वजा केला असतां क्रमानें हे फरक येतात: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. यांची सरासरी १.५८. प्रत्येक फरक सरासरीपासून किती दूर आहे तें काढून त्याचा वर्ग करा. वर्गांची बेरीज १३.६१६ भरते. सरासरी याच आंकड्यांवरून काढल्यामुळें नऊच फरक स्वतंत्र उरतात. म्हणून ९ नें भागून वर्गमूळ घ्या. तें १.२३. त्यास १० च्या वर्गमुळानें भागिलें म्हणजे ०.३८९ ही सरासरीची प्रमाण-चूक मिळते. कोष्टकांत ९ समोर शेंकडा ९५ चा गुणक २.२६२ आहे. गुणाकार ०.८८, तो १.५८ मधून वजा केला तर ०.७०, मिळविला तर २.४६. या दोन टोकांमधील जागेस विश्वास-अंतराल म्हणतात.

शेंकडा ९५ याचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. असा प्रयोग वारंवार करून दर वेळीं अंतराल काढिलें, तर शंभरांतून सुमारें पंचाण्णव वेळां खरा फरक त्यांत सांपडेल. ही हमी रीतीची आहे, एकट्या या अंतरालाची नव्हे. येथें शून्य अंतरालाच्या बाहेर पडलें. तेव्हां दोन्ही औषधें सारखींच, हें म्हणणें टिकत नाहीं.

आतां समजा, कोणता आंकडा कोणाचा ही टिपणवहीच हरवली. मग हेच वीस आंकडे दोन निराळ्या टोळ्यांचे मानावे लागतील. सरासरींतील फरक तोच १.५८, पण अंतराल उणे ०.२० पासून ३.३६ पर्यंत पसरतें. शून्य आंत आलें! कारण उघड आहे. सातव्या रोग्याची झोंप पहिल्या औषधानें ३.७ तास व दुसऱ्यानें ५.५ तास वाढली. दुसऱ्या रोग्याची पहिल्यानें उलट १.६ तास घटली व दुसऱ्यानें अवघी ०.८ तास वाढली. वजाबाकी केली कीं हा प्रकृतिभेद निघून जातो.

एक शंका उरते. १३.६१६ पैकीं ९.१२ एकट्या नवव्या रोग्याचे आहेत. गैरसोयीचा आंकडा मनास येईल तसा गाळणें हा अप्रामाणिकपणा होय. तथापि त्याचा भार किती, हें पाहण्यास हरकत नाहीं. तो सोडून उरलेल्या नऊ फरकांवर भाजक ८ व गुणक २.३०६ घेऊन हेंच गणित करा. उत्तर ०.७४ ते १.७५ आलें पाहिजे.